आज्ञा मोडणारा आज्ञाधारक

विसाव्या शतकातल्या कॅथलिक चर्चच्या इतिहासात सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांचं नाव घेईन. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. आयुष्यभर आज्ञापालन शिकलेला आणि शिकवलेला हा माणूस वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पोपची स्पष्ट आज्ञा मोडतो, चर्चमधून बहिष्कृत होतो, आणि तरी मरेपर्यंत म्हणत राहतो की मी चर्चबाहेर गेलेलोच नाही. ढोंगी म्हणावं तर आयुष्य तसं नाही. बंडखोर म्हणावं तर पिंड तसा नाही. मग हे घडलं कसं?

माझ्या वाचकांत ख्रिस्ती नसलेली मंडळीही बरीच आहेत, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी जे केलं ते वेदीवर पुन्हा साकार होतं, अशी आमची श्रद्धा. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ही मिस्सा शेकडो वर्षं लॅटिनमध्ये होत असे. प्रोटेस्टंट चळवळीनंतर ट्रेंट इथे परिषद भरली, आणि तिच्या सूचनेवरून पोप पायस पाचवे यांनी १५७० साली मिस्साच्या ग्रंथाची प्रमाण प्रत काढली. ही प्रत कायमसाठी आहे, असं फर्मानही सोबत जोडलं. मात्र ज्या ठिकाणी दोनशे वर्षांहून जुना विधी चालू होता, तिथे तो चालू ठेवायची मुभा त्याच फर्मानात दिली होती. पुढचे पोपही या ‘कायम’ प्रतीत अधूनमधून हात घालत राहिले. १९५५ साली पायस बारावे यांनी पवित्र सप्ताहाचे विधी बरेच बदलले. १९६२ साली जॉन तेविसावे यांनी मुख्य प्रार्थनेत संत जोसेफ यांचं नाव घातलं. आज परंपरावादी मंडळी ज्या ‘जुन्या मिस्सा’साठी भांडतात, ती साधारणपणे या १९६२च्या प्रतीप्रमाणे होणारी मिस्सा. हे दोन तपशील लक्षात असू द्या, पुढे लागतील.

लफेव्र यांचा जन्म १९०५चा, उत्तर फ्रान्समधल्या तुर्क्वँ या गावचा. वडिलांचा कापडगिरणीचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्धच्या प्रतिकारात भाग घेतला म्हणून वडिलांना पकडलं आणि १९४४ साली ते छळछावणीत वारले. मुलगा रोममधल्या फ्रेंच सेमिनरीत शिकला. तिथेच त्याला आज्ञापालनाचा पहिला कडू घोट मिळाला असावा असं मला वाटतं. १९२६ साली पोप पायस अकरावे यांनी ‘अक्सिओं फ्रॉन्सेज’ या फ्रान्समधल्या राजेशाहीवादी चळवळीवर बंदी घातली. सेमिनरीचे रेक्टर फादर ल फ्लोक यांची त्या चळवळीला सहानुभूती होती म्हणून १९२७ साली त्यांना पद सोडावं लागलं. लफेव्र यांचं या गुरुजींवर फार प्रेम होतं. आणि १९३९ साली पुढच्या पोपने ती बंदी उठवलीसुद्धा! म्हणजे एका पोपने पाप ठरवलेली गोष्ट बारा-तेरा वर्षांत दुसऱ्याने खपवून घेतली. तरुण मनावर अशा गोष्टी कोरल्या जातात.

१९२९ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १९३२ साली ते मिशनरी म्हणून आफ्रिकेत गॅबनला गेले. पुढे सेनेगलमध्ये डाकारचे बिशप, मग आर्चबिशप, आणि सगळ्या फ्रेंच आफ्रिकेसाठी पोपचे प्रतिनिधी. ही पदं वरिष्ठांचा पूर्ण विश्वास असल्याशिवाय मिळत नाहीत. १९६२ साली त्यांच्या ‘होली घोस्ट’ संघाने त्यांना जगभराचा प्रमुख निवडलं. त्या वर्षापर्यंत त्यांनी कुणाची आज्ञा मोडल्याचं कुठे नमूद नाही.

त्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९६२ रोजी, दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. जगभरातले दोन हजारांहून जास्त बिशप रोमला जमले. ८ डिसेंबर १९६५ला परिषद संपली, तेव्हा चर्चचा चेहरामोहरा बदलायला लागला होता. लफेव्र परिषदेच्या मुख्य पूर्वतयारी समितीवर होते. परिषदेत ते अल्पमतातल्या जुन्या विचारांच्या बिशपांचे पुढारी झाले. आता एक गंमत बघा. मिस्सा आणि इतर विधींबद्दलचा जो दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झाला, त्याच्या बाजूने २१४७ मतं पडली आणि विरुद्ध फक्त ४. त्यात लॅटिन भाषा टिकवावी असं स्पष्ट लिहिलं आहे. लोकभाषेला जास्त वाव देता येईल, असंही लिहिलं आहे. धर्मगुरूने लोकांकडे तोंड करून उभं राहावं, असं त्यात कुठेच नाही. म्हणजे पुढे सहा-सात वर्षांत जे झालं ते परिषदेने जसंच्या तसं सांगितलेलं नव्हतं. परंपरावाद्यांचा हा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

लफेव्र यांचं खरं भांडण दुसऱ्याच दस्तऐवजाशी होतं. धार्मिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा ७ डिसेंबर १९६५ रोजी २३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला. कुठल्याही राज्यसत्तेने माणसावर धर्माच्या बाबतीत सक्ती करू नये, असं तो म्हणतो. लफेव्र यांच्या मते सत्याला जो हक्क आहे तो असत्याला देता येत नाही, आणि कॅथलिक देशाचं राज्य कॅथलिकच असलं पाहिजे. १९७६ साली लील शहरातल्या प्रवचनात त्यांनी अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीचं कौतुकही केलं. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही मला हे लिहिलंच पाहिजे, कारण ‘परंपरा’ या शब्दाखाली त्यांनी काय काय जपायला घेतलं होतं ते कळायला हवं. हिंदुस्थानात राहणाऱ्या माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाला तर हा जाहीरनामा जिवाभावाचा वाटतो. ज्या देशात आपण मूठभर आहोत तिथे स्वातंत्र्य मागायचं, आणि जिथे आपण बहुसंख्य आहोत तिथे इतरांना ते नाकारायचं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

पण सामान्य माणसाला जाहीरनाम्यांशी काय करायचं असतं? त्याला दिसली ती रविवारची मिस्सा. पोप पॉल सहावे यांनी एप्रिल १९६९मध्ये नव्या मिस्साचा ग्रंथ जाहीर केला आणि ३० नोव्हेंबर १९६९ पासून तो लागू झाला. (हेच ते पोप, जे डिसेंबर १९६४मध्ये मुंबईला आले होते. आमच्या वसईहून माणसं गाड्या भरभरून त्यांना बघायला गेली होती.) नव्या मिस्सात बऱ्याच जुन्या प्रार्थना गेल्या, काही नव्या आल्या, लॅटिन जवळपास सगळीकडून हद्दपार झालं आणि वेद्या वळल्या. ओत्ताव्हियानी आणि बाच्ची या दोन कार्डिनलांनी अंमलबजावणीच्या आधीच पोपना टीकाटिप्पणी पाठवून आक्षेप नोंदवले. ओत्ताव्हियानी म्हणजे श्रद्धातत्त्वांची राखण करणाऱ्या खात्याचे माजी प्रमुख, हे लक्षात घ्या.

आमच्याकडे या बदलाचा अनुभव वेगळा होता. लहानपणी मी वेदीसेवक होतो आणि लॅटिन उत्तरं पोपटासारखी पाठ म्हणत असे. त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. फादर वेदीकडे तोंड करून हळू आवाजात प्रार्थना म्हणायचे आणि मागे आजी आणि तिच्या बरोबरीच्या बाया जपमाळ ओढायच्या. मराठीत मिस्सा सुरू झाली तेव्हा आमच्या शेतकरी, बागायतदार लोकांना शुभवर्तमान पहिल्यांदा वेदीवरून आपल्या भाषेत ऐकू आलं. आम्हाला ती मोठी मिळकत वाटली. आणि मराठीतून ख्रिस्ताची भक्ती ही काही १९६९ची नवलाई नव्हती. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर इथे छापलं गेलं होतं. ट्रेंटच्या मिस्साग्रंथाला तेव्हा पन्नास वर्षंही झाली नव्हती. म्हणजे लोकभाषाही परंपराच की!

तरीही आजीचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे. ती म्हणाली होती, “आता सगळं कळतं रे, पण जप कधी करायचा?” अशिक्षित बाई, पण नेमकं बोलली. काहीतरी मिळालं होतं आणि काहीतरी गेलंही होतं. गेलेल्याचा हिशेब तिला कुणी विचारला नाही.

फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये, जर्मनीत हा हिशेब मागणारे पुष्कळ निघाले, आणि त्यांनी वेगवेगळे मार्ग धरले. एक मार्ग अर्ज-विनंतीचा. इंग्लंडमधल्या लेखक-कलावंतांनी १९७१ साली पोपना विनंतीपत्र पाठवलं की ही प्राचीन मिस्सा युरोपच्या संस्कृतीचा ठेवा आहे, ती नाहीशी होऊ देऊ नका. सह्या करणाऱ्यांत ग्रॅहम ग्रीन होते, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन होते आणि रहस्यकथावाल्या अगाथा ख्रिस्तीही होत्या. शेवटचे दोघे कॅथलिकसुद्धा नव्हते! कार्डिनल हीनन यांनी ते पत्र पुढे रेटलं आणि त्या नोव्हेंबरात इंग्लंड-वेल्सपुरती, कधीमधी जुनी मिस्सा करायची परवानगी मिळाली. कुणाचीही आज्ञा न मोडता, मागून मिळालेलं हे फळ. छोटं होतं, पण मिळालं.

लफेव्र यांचा मार्ग सुरुवातीला यापेक्षा वेगळा नव्हता. १९६८ साली ते संघाच्या प्रमुखपदावरून बाजूला झाले. आपल्याला जुन्या पद्धतीचं शिक्षण द्या, असा हट्ट धरून काही फ्रेंच तरुण त्यांच्याकडे आले. त्यांच्यासाठी त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये ‘संत दहावे पायस यांचा बंधुसंघ’ काढला. फ्रीबुरच्या बिशपांनी त्याला १ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वर्षांसाठी रीतसर मान्यता दिली. सेमिनरी आल्प्सच्या पायथ्याशी एकोन या खेड्यात. इथवर सगळं कायदेशीर.

ठिणगी पडली नोव्हेंबर १९७४मध्ये. रोमहून दोन तपासनीस सेमिनरीत आले. त्यांची मतं ऐकून विद्यार्थी आणि शिक्षक हादरले, असं बंधुसंघाचं म्हणणं. २१ नोव्हेंबरला लफेव्र यांनी एक जाहीर निवेदन लिहिलं. आम्ही सनातन रोमला धरून आहोत, परिषदेनंतरच्या आधुनिकतावादी रोमच्या मागे आम्ही जाणार नाही, असा त्याचा सूर होता. मे १९७५मध्ये बंधुसंघाची मान्यता काढून घेतली गेली. लफेव्र यांनी रोममध्ये अपील केलं, ते दाखल करून घेतलं गेलं नाही. २४ मे १९७६ रोजी पॉल सहावे यांनी कार्डिनलांपुढे त्यांचं नाव घेऊन समज दिली आणि नवी मिस्सा जुन्या मिस्साच्या जागी आली आहे असं स्पष्ट सांगितलं. तरी २९ जूनला लफेव्र यांनी मनाई असताना एकोनमध्ये गुरुदीक्षा दिल्या. २२ जुलैला त्यांचे धर्मविधी करण्याचे अधिकार स्थगित झाले. सप्टेंबरात पोपनी त्यांना कास्तेल गांदोल्फोला भेट दिली, पण त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

इथे दोन्ही बाजूंची अडचण बघा. कॅथलिक परंपरेचा कणाच पोपचा अधिकार आहे. तो काढला तर उरतं ते कॅथलिक नव्हे. आणि लफेव्र यांनी आपल्या संघाला नाव दिलं ते कुणाचं? दहाव्या पायसचं, ज्यांनी १९१० साली प्रत्येक धर्मगुरूला आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यायला लावली आणि ज्यांच्यापुढे कुणी ब्र काढू शकत नव्हतं! म्हणजे परंपरा जपायची तर आज्ञा पाळली पाहिजे, कारण आज्ञापालन हाच परंपरेचा मोठा भाग. पण आज्ञा होती ती परंपरेतलं जिवाभावाचं काही सोडून देण्याची. आपल्याकडे म्हणतात ना, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

लफेव्र यांचं उत्तर आपल्या ‘आपद्धर्मा’च्या जवळ जाणारं आहे. घर पेटलं असताना परवानगी विचारत बसायचं नसतं. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर फटकारलं होतं, आणि श्रद्धेलाच धोका असेल तर वरिष्ठांना जाहीरपणे सुनवायला हरकत नाही, असं संत थॉमस अक्वायनस यांनीही लिहिलं आहे. चर्चच्या कायद्यातही निकडीच्या परिस्थितीची सवलत आहे. इथवर ठीक. पण आपत्काल आहे हे ठरवायचं कुणी? घर पेटलंय असं ओरडणारा आणि कुलूप तोडणारा माणूस एकच असेल तर शेजाऱ्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? उलट, आगीचा आळ ज्याच्यावर आहे त्यालाच पंच नेमलं तर तेही बरोबर नाही. हा पेच कायद्याच्या पुस्तकाने सुटत नाही.

१९८४ साली जॉन पॉल दुसरे यांनी जुन्या मिस्साला, बिशपच्या परवानगीने, थोडी वाट करून दिली. लफेव्र तोवर म्हातारे झाले होते. आपल्यामागे गुरुदीक्षा देणार कोण, ही त्यांची चिंता. धर्मगुरू घडवायला बिशप लागतो आणि बिशप नेमायला पोपची आज्ञा लागते. बोलणी झाली. ५ मे १९८८ रोजी लफेव्र आणि कार्डिनल रात्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी करारावर सह्या केल्या. त्यात संघाला मान्यता होती, जुनी मिस्सा होती आणि संघातला एक बिशपही होता. दुसऱ्या दिवशी लफेव्र यांनी पत्र पाठवून सही निष्फळ केली. बिशपची तारीख पक्की होत नव्हती आणि रोम आपल्याला झुलवत ठेवील असं त्यांना वाटलं. त्यांची मागणी एकावरून तीन बिशपांवर गेली. जूनमध्ये पोपचं पत्र आलं, रीतसर ताकीदही आली. ३० जून १९८८ रोजी एकोनच्या मैदानात हजारो लोकांसमोर त्यांनी चार धर्मगुरूंना बिशपदीक्षा दिली. ब्राझीलचे निवृत्त बिशप कास्त्रो मायर त्यांच्या साथीला होते. या विधीत एक प्रश्न असतो: पोपची आज्ञा आहे का? त्या जागी, परंपरेशी इमान राखणाऱ्या रोमकडून आम्हाला ही आज्ञा आहे, अशा आशयाचा मजकूर वाचला गेला.

दोनच दिवसांत सगळे बहिष्कृत झाल्याचं जाहीर झालं. आणि हा बहिष्काराचा नियम कुणाचा? लफेव्र यांना आर्चबिशप करणाऱ्या पायस बाराव्यांच्या काळातला, १९५१चा. कम्युनिस्ट राजवटी आपल्या मर्जीतले बिशप बसवतील या भीतीने त्या वेळी शिक्षा कडक केली होती. तीच तलवार फिरून त्यांच्याच माणसाच्या मानेवर आली.

पण माझं मन खरं रेंगाळतं ते एकोनमधून त्या जुलैत निघून गेलेल्या दहा-बारा धर्मगुरूंपाशी आणि थोड्या विद्यार्थ्यांपाशी. लफेव्र यांनीच घडवलेली ही माणसं. त्यांना जुनी मिस्सा प्राणाहून प्रिय होती, पण पोपला डावलून बिशप करणं त्यांना पटलं नाही. गुरूला सोडून ते निघाले, रोमला गेले आणि १८ जुलै १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या एका मठात त्यांनी ‘संत पेत्राचा बंधुसंघ’ स्थापन केला. जुनी मिस्साही राहिली आणि आज्ञाही मोडली नाही. मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने ते फितूर झाले. काल एका मेजावर जेवणारे आज एकमेकांच्या मिस्साला जाईनात. आपल्याकडे गावकीतली भांडणं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता खरी अवघड गोष्ट. या आज्ञाधारक मंडळींना जे मिळालं ते कुणामुळे मिळालं? एकोनची आज्ञा मोडली गेली नसती तर रोमने इतक्या तातडीने दार उघडलं असतं का? मला नाही वाटत. १९७१ची इंग्लंडची सवलत बघितली की विनंतीने किती मिळत होतं त्याचा अंदाज येतो. आज्ञा मोडणाऱ्याने किंमत भरली आणि आज्ञा पाळणाऱ्याला माल मिळाला, असं काहीसं झालं.

आणि पाळणाऱ्यांचंही पुढे काय झालं पाहा. ७ जुलै २००७ रोजी बेनेडिक्ट सोळावे यांनी जाहीर केलं की जुनी मिस्सा कायद्याने कधी रद्द झालेलीच नव्हती. कुठल्याही धर्मगुरूला ती करता येईल. ज्यांना तीस-चाळीस वर्षं ‘ही मिस्सा बंद आहे’ म्हणून झिडकारलं गेलं होतं, त्यांना हे वाचून काय वाटलं असेल? २००९ साली चारही बिशपांवरचा बहिष्कार उठला. (त्यांतले विल्यमसन ज्यूंच्या कत्तलीबद्दल नाही नाही ते बोलून बसले होते आणि त्यावरून जगभर गदारोळ झाला.) मग १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी वारं उलट फिरवलं. नवी मिस्सा हीच रोमन पद्धतीची एकमेव अभिव्यक्ती, आणि जुनीसाठी पुन्हा परवानगी. कारण त्यांना या चळवळीत परिषदेलाच नाकारणारे लोक दिसत होते, आणि ती शंका अगदीच निराधार नव्हती. पण गंमत अशी की हेच फ्रान्सिस एकोनवाल्यांशी बरेच सौम्य वागले. त्यांच्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकायचा अधिकार त्यांनी २०१५ साली दिला आणि २०१७ साली त्यांच्याकडच्या लग्नांची सोय केली. म्हणजे १९७६ साली सोडा, १९८४ साली विचारून करा, २००७ साली न विचारता करा, २०२१ साली पुन्हा विचारा. आज्ञाधारक मुलाने चारही वेळा मान डोलावली. पंचेचाळीस वर्षांत इतकी वळणं घेणारी आज्ञा द्यायची तर देणाऱ्याने निदान आवाज खाली ठेवायला हवा.

मग लफेव्र बरोबर होते का? मी बरीच वर्षं या प्रश्नाभोवती फिरतो आहे. माझ्यापुरतं उत्तर असं. १९७६ पर्यंत त्यांनी जे केलं ते मुख्यतः सोडून न देणं होतं. चर्चनेच त्यांच्या हाती दिलेली मिस्सा त्यांनी धरून ठेवली. बापाने दिलेली वस्तू बापाने पुन्हा मागितली आणि मुलाने मूठ उघडली नाही, इतकंच. याला मी बंड म्हणायला तयार नाही. १९८८ साली मात्र त्यांनी न दिलेलं घेतलं. बिशप नेमणं हे जपणं नव्हे. ती अधिकाराची वेगळी गादी आहे, मग ते तोंडाने काहीही म्हणोत. त्यांनी दुसरा पोप उभा केला नाही, मिस्सात पोपचं नाव घेणं बंद केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण एकदा कुलूप तोडता येतं हे दाखवलं की पुढच्यांना कोण अडवणार?

आणि तसंच झालं. १९८३ सालीच अमेरिकेतल्या नऊ धर्मगुरूंनी १९६२ची प्रतही फार बदललेली आहे म्हणून ती नाकारली, तेव्हा खुद्द लफेव्र यांनी त्यांच्याकडे आज्ञापालन मागितलं आणि शेवटी त्यांना संघाबाहेर काढलं. मालमत्तेसाठी कोर्टकज्जे झाले. २०१२ साली वरिष्ठांचं ऐकत नाहीत म्हणून विल्यमसन यांना संघाने काढलं. २०१५ साली त्यांनी ब्राझीलमध्ये आपला वेगळा बिशप केला, कुणालाही न विचारता. युक्तिवाद तोच: आपत्काल आहे!

लफेव्र २५ मार्च १९९१ रोजी वारले, बहिष्कृत अवस्थेतच. आपल्याला जे मिळालं ते आपण पुढे दिलं, अशा अर्थाचे पौलाचे शब्द त्यांच्या थडग्यावर आहेत. ते खोटे आहेत असं मला म्हणवत नाही. फक्त त्यांना आज्ञापालनही मिळालं होतं, आणि ते पुढे देताना त्यांच्या हातून निसटलं. रोमच्या बाजूलाही तेच म्हणता येईल. पायस पाचव्यांनी दोनशे वर्षं जुन्या विधींना हात लावला नाही, तेवढी समज १९६९ साली दाखवली असती, चारशे वर्षांची मिस्सा नवीच्या शेजारी एका कोपऱ्यात राहू दिली असती, तर एकोनचं मैदान कदाचित मोकळंच राहिलं असतं. अधिकार असलेल्या माणसाने तो पूर्ण वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे? वर्गात पस्तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला एवढं कळतं.

मी स्वतः मराठी मिस्साचा माणूस आहे आणि तसाच राहणार. तरी आमच्या वसईतल्या नातेवाइकांना आणि मित्रांना एक विनंती आहे. घरातल्या ट्रंकेत आजोबांचं लॅटिन प्रार्थनापुस्तक सापडलं तर रद्दीत घालू नका. त्या काळचे वेदीसेवक, गायनमंडळातली माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत. त्यांना काय पाठ येतं, मराठी मिस्सा पहिल्यांदा ऐकली तेव्हा कसं वाटलं, हे विचारून लिहून ठेवा. चांगलं वाटलं असेल तर तेही लिहा, वाईट वाटलं असेल तर तेही. आणि लफेव्र यांच्या बाबतीत तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल तर तेही जरूर कळवा.